नवऱ्याला आधीच माहीत होतं

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा, तेव्हाची आठवण. आमच्या चाळीत टीव्ही दोनच घरांत होते. त्यातलं एक आमचं, त्यामुळे सिनेमाच्या वेळी बाहेरची खोली माणसांनी भरून जायची. त्या दिवशी बी. आर. चोप्रांचा 'गुमराह' होता. रत्नागिरीहून आलेली मावशी पुढ्यात परात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसली होती. सिनेमा शेवटाकडे आला आणि उलगडा झाला. नायिकेला इतके दिवस धमकावून तिच्याकडून पैसे उकळणारी ती बाई नायिकेच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी निघाली, आणि तिला या कामावर लावणारा नवराच. मावशीचा हात परातीतच थांबला. "म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग इतके दिवस रडत का ठेवलंन हिला?"

खोलीतल्या कोणीच उत्तर दिलं नाही. पुढे लग्न झालेल्या बाईच्या चोरट्या प्रेमावरच्या बऱ्याच थरारकथा मी वाचल्या, पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी मावशीचा प्रश्न मनात आला. या कथांमध्ये भीती बाईच्या वाट्याला येते, पण तिची दोरी बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात असते. तो कधी ती भीती मुद्दाम घालतो, कधी गुपचूप तिचा माग काढतो, आणि कधी कायदाच त्याच्या वतीने उभा राहतो.

'गुमराह' १९६३ चा. मीना म्हणजे माला सिन्हा. नैनितालच्या राजेंद्रवर, म्हणजे सुनील दत्तवर तिचं प्रेम असतं. थोरली बहीण दरीत पडून दगावते आणि तिच्या मुलांना आई हवी म्हणून मीना मेहुण्याशी लग्न करते. मेहुणा म्हणजे अशोककुमार. लग्नानंतर राजेंद्र पुन्हा भेटतो आणि चोरून गाठीभेटी सुरू होतात. मग शशिकलाने रंगवलेली लीला दारात उभी राहते आणि आपण राजेंद्रची बायको असल्याचं सांगून तोंड बंद ठेवण्याची किंमत मागू लागते. सिनेमाची सुरुवातच लक्ष्मणरेषेच्या प्रसंगाने होते, त्यामुळे दिग्दर्शकाचं म्हणणं काय, हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं.

ही गोष्ट नैनितालच्या आणि मुंबईच्या पुष्कळ आधी व्हिएन्नात घडून गेली होती. श्टेफान त्स्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाने १९१० च्या सुमारास 'आंग्स्ट' नावाची दीर्घकथा लिहिली. आंग्स्ट म्हणजे भीती. 'गुमराह'शी तिचा सांगाडा इतका जुळतो की दोन्ही एकामागून एक वाचली-पाहिली, तर आपण एकाच घरात दोनदा गेल्यासारखं वाटतं. आयरीन ही एका नामांकित फौजदारी वकिलाची बायको. दोन मुलं, नोकरचाकर, खाऊनपिऊन सुखी घर. एका तरुण पियानोवादकाशी तिचं प्रकरण चालू आहे. त्स्वाइग इथे फार प्रामाणिक आहे. हिचं त्याच्यावर जीव ओवाळून टाकण्याइतकं प्रेम आहे असं तो भासवत नाही. सुखाची सवय झाली, दिवस एकसारखे जाऊ लागले, कोणीतरी आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि ती त्या बाजूला सरकली, इतकंच.

कथा सुरू होते ती जिन्यात. प्रियकराच्या घरातून निघून पायऱ्या उतरताना तिचे गुडघे थरथरू लागतात. येताना पाय उचलत नाहीत आणि जाताना जिना संपत नाही. तोंडावर जाड जाळीचा पडदा ओढून ती खाली येते, तर दारातच एक बाई आडवी येते, 'माझा माणूस तूच पळवलास' म्हणून तिच्यावर ओरडते. आयरीन पर्समध्ये होतं नव्हतं ते तिच्या हातात कोंबते आणि पळते. पण ती बाई रस्त्यात पुन्हा गाठते. मग घराचा पत्ता शोधून काढते आणि दिवाणखान्यात येऊन बसते. दर खेपेला रक्कम वाढते. शेवटी ती बोटातली अंगठी मागते, आणि आयरीन तीही काढून देते. संध्याकाळी नवऱ्याचं लक्ष रिकाम्या बोटाकडे जातं.

या कथेतला माझ्या मते सर्वांत भेदक प्रसंग मुलांच्या खोलीतला आहे. घरातल्या मुलाला खेळण्यातला नवा घोडा मिळालेला असतो. तो नाहीसा होतो आणि पुढे मोडलेला सापडतो. संशय बहिणीवर येतो. बाप वकील. तो आरडाओरडा करत नाही. मुलीला समोर घेतो, शांतपणे एकेक प्रश्न विचारतो आणि अखेर तिच्याकडून कबुली घेतो. भावाचं कौतुक होतंय म्हणून मत्सरापोटी तिनेच तो घोडा मोडलेला असतो. मुलगी हुंदके देऊन रडते. आई बाजूला उभी राहून हे सगळं ऐकते आहे. नंतर नवरा बायकोशी याच विषयावर बोलतो. कोर्टात इतकी वर्षं गुन्हेगार पाहिल्यावर आपल्याला कळलंय, की शिक्षेपेक्षा शिक्षा होईल या धास्तीनेच माणूस जास्त खचतो, कबूल केलं की सुटतो, असं त्याचं म्हणणं. बोलताना त्याची नजर तिच्यावर आहे. तो तिला दार उघडून देतोय. तिला ते कळतं आणि तोंडापर्यंत आलेलं ती परत गिळते.

पहिल्या वाचनात हा प्रसंग एका समंजस बापाचा वाटतो. शेवट कळल्यावर पुन्हा वाचला की अंगावर काटा येतो, कारण ती उलटतपासणी मुलीची नव्हतीच. आयरीन विष घ्यायचं ठरवून औषधांच्या दुकानात जाते, बाटली हातात घेणार एवढ्यात मागून एक हात पुढे येतो. तो नवऱ्याचा. तिला धमकावणारी बाई काम नसलेली नटी असते. ती त्यानेच नेमलेली. बायको घाबरून घरी परत यावी, मुलांसाठी यावी, एवढाच त्याचा हेतू होता, असं तो रडत सांगतो. त्याला तिची खरोखर कळकळ आहे, तो तिच्यावर प्रेम करतो, तिला माफही करतो. पण तिने मरायची तयारी केली होती, हे त्या माफीत कुठे बसतं? मावशीचा प्रश्न हाच होता.

रोबेर्तो रोस्सेलिनीने १९५४ मध्ये या कथेवर सिनेमा केला आणि त्यात इन्ग्रिड बर्गमनला घेतलं. तिने नवऱ्याला सोडून रोस्सेलिनीशी संसार मांडला, म्हणून अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभं राहून एका सदस्याने तिचा जाहीर उद्धार केला होता. त्या गोष्टीला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ती भीतीने पांढरी पडलेली बायको रंगवत असताना तिला काय आठवत असेल, याचा विचार आल्यावाचून तो सिनेमा मला बघता येत नाही.

आणि त्याच १९५४ मध्ये हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' आला. मूळ नाटक फ्रेडरिक नॉट यांचं. लंडनमधला एक फ्लॅट, टेनिस सोडून दिलेला नवरा, पैसेवाली बायको आणि तिचा अमेरिकन लेखक मित्र. मित्राची पत्रं तिने जाळून टाकलेली असतात, फक्त एक पर्समध्ये ठेवलेलं असतं. पर्स चोरीला जाते आणि पैसे मागणाऱ्या निनावी चिठ्ठ्या येऊ लागतात. चोर कोण? पुन्हा नवराच. चिठ्ठ्याही त्याच्याच. व्हिएन्नाच्या वकिलाला बायको परत हवी होती. या नवऱ्याला ती मेलेली हवी आहे, कारण तिच्या मागे तिचा पैसा त्याला मिळणार आहे. युक्ती मात्र दोघांची एकच.

हिचकॉक थराराचं गमक सांगताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दाखवला, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. आपल्या कथांमध्ये बॉम्ब म्हणजे एक माहिती असते: नवऱ्याला कळलंय. त्स्वाइग ती आपल्यापासून लपवतो, म्हणून आपण शेवटपर्यंत आयरीनच्या शेजारी बसून तिच्याइतकेच घाबरतो. हिचकॉक ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यामुळे नवरा हसून बायकोला ग्लास भरून देतो, तेव्हा आपल्याला त्या हसण्याचीच भीती वाटू लागते. ग्रेस केलीचे कपडेही तो माहितीसारखे वापरतो. सुरुवातीला ती भडक रंगात दिसते आणि कथा पुढे सरकते तसतसे तिच्या अंगावरचे रंग मावळत जातात.

या प्रकारच्या कथांना इंग्रजीत 'डोमेस्टिक न्वार' असं नाव अलीकडे, २०१३ च्या सुमारास रूढ झालं. ज्युलिया क्राउच या ब्रिटिश कादंबरीकार बाईंनी ते दिलं. पण त्याची हत्यारं जुनीच आहेत. इथे खंजीर-पिस्तुलाला फारसं काम नसतं. घरातल्या वस्तूच साक्षीला उभ्या राहतात. अंगठी, पत्र, लॅचची किल्ली. रोज हाताळलेली वस्तू भलत्या ठिकाणी दिसली, की पुढचं सगळं आपोआप घडतं.

क्लोद शाब्रोल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६९ मध्ये 'ला फाम अँफिदेल' केला, तो याच एका गोष्टीवर. व्हर्सायजवळचं नेटकं घर, विमा व्यवसायातला सभ्य नवरा, एक मुलगा. बायको पॅरिसला जाते तेव्हा नक्की कुठे जाते, हे तो माणूस लावून शोधून काढतो. मग स्वतःच प्रियकराच्या घरी जाऊन उभा राहतो, ओळख सांगतो. दोघं पीत बसतात. बोलणं इतकं सुसंस्कृत चाललंय की काही वाईट होणार असं वाटतच नाही. तेवढ्यात नवऱ्याला पलंगाशेजारी एक मोठा लायटर दिसतो. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने बायकोला दिलेला. बायकोने प्रियकर केला हे त्याने पचवलं होतं, पण आपली भेटवस्तू त्या खोलीत पाहून त्याचा तोल जातो. तो हाताला लागलेला दगडी पुतळा उचलतो.

तेहतीस वर्षांनी, २००२ मध्ये एड्रियन लाइनने हाच सिनेमा अमेरिकेत 'अनफेथफुल' नावाने केला. त्याने लायटरच्या जागी काचेचा गोळा घेतला, हलवला की आत बर्फ पडतो तसला. बायकोला दिलेला तो गोळा प्रियकराच्या घरी सापडतो आणि नवरा त्यानेच प्रहार करतो. साक्षीदार आणि हत्यार एकच झाल्यामुळे वस्तूचं वजन दुप्पट होतं. पण हा सिनेमा लक्षात राहतो डायन लेनमुळे. पहिल्या भेटीनंतर ती उपनगरी गाडीने घरी परतते आहे. संवाद नाही. चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक हसू, लाज, किळस, पुन्हा हसू, आणि मग एकदम डोळे भरून येणं. मुंबईत संध्याकाळच्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे आपण जसं चुकून पाहतो आणि नजर वळवतो, तसं ते पाहताना होतं. तिच्या वागण्याला सिनेमा कारण देत नाही. नवरा चांगला आहे, मुलगा गोड आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एके दिवशी सोसाट्याचा वारा सुटतो, ती एका तरुणावर आदळते, दोघं पडतात, तिचे गुडघे खरचटतात. एवढं निमित्त पुरतं.

सिनेमाचा पहिला भाग तिचा आहे. तिच्याबरोबर आपण चढतो, उतरतो, खोटं बोलतो. नवऱ्याला संशय आला की कॅमेरा हळूच त्याच्याकडे जातो आणि शेवटपर्यंत बराचसा त्याच्याकडेच राहतो. प्रेत दडवणं, पोलिसांचे प्रश्न, रात्रीची झोप उडणं, सगळं त्याचं. तिने सुरू केलेली गोष्ट त्याच्या मालकीची होते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. शाब्रोलच्या सिनेमात तर त्यामुळे विलक्षण काहीतरी घडतं: नवऱ्याने खून केलाय हे कळल्यावर बायको त्याच्या खिशात सापडलेला प्रियकराचा फोटो जाळून टाकते, आणि त्या संसारात बहुधा पहिल्यांदाच दोघं एकमेकांना पुरते ओळखतात. पण कॅमेरा कोणाकडे वळला, हे नोंदवून ठेवायला हवं.

आता हीच गोष्ट हिंदीत आली तेव्हा काय झालं ते पाहा. २००४ चा अनुराग बसूंचा 'मर्डर'. बँकॉकमधलं घर, मल्लिका शेरावत, इम्रान हाश्मी, अश्मित पटेल. वरवर पाहता 'अनफेथफुल'चीच उचल. पण यातल्या नायिकेचं, सिमरनचं लग्न कोणाशी झालंय? वारलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी, तिच्या मुलासाठी. आणि प्रियकर कोण? कॉलेजमधला जुना. म्हणजे 'गुमराह'ची मीनाच! २००५ च्या 'बेवफा'त करीना कपूरची गोष्टही तीच: बहीण जाते, मेहुण्याशी लग्न होतं, जुना प्रेमी परततो. वाऱ्याची एक झुळूक आपल्या पटकथाकारांना पुरेशी वाटली नाही. बाईने पाऊल वाकडं टाकायचं तर आधी तिने त्याग केलेला हवा आणि माणूस नवखा नको, हक्काचा हवा. एवढ्या सबबी जमल्यावरच प्रेक्षक तिच्या बाजूने बसेल, हा हिशेब. त्यावर 'मर्डर'ने आणखी एक कलाटणी दिली. मेलेला प्रियकर मेलेलाच नसतो आणि तोच खरा खलनायक निघतो. त्यामुळे नवऱ्याच्या हाताला लागलेलं रक्त धुऊन निघतं. शाब्रोल आणि लाइन या दोघांनी ते रक्त तसंच राहू दिलं होतं. 'अनफेथफुल'च्या शेवटी नवरा-बायकोची गाडी रात्री सिग्नलला थांबते, जवळच पोलीस ठाणं असतं. सिग्नल हिरवा होतो, तरी गाडी हलत नाही.

आपल्या प्रेक्षकाला नवरा निर्दोष का हवा असतो, याचं एक उत्तर मुंबईच्या एका खऱ्या खटल्यात आहे.

२७ एप्रिल १९५९. कफ परेडच्या घरी कमांडर कावस नानावटी बोटीवरून परतलेले. त्यांच्या इंग्रज पत्नी सिल्व्हिया दूर दूर राहतात. विचारल्यावर त्या प्रेम आहुजा या मोटारविक्रेत्याशी संबंध असल्याचं कबूल करतात. पुढचे काही तास सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात मिनिटांच्या हिशेबाने नोंदलेले आहेत. नानावटी बायकोला आणि मुलांना मोटारीत घालून मेट्रो थिएटरवर सोडतात. सिनेमाला नेण्याचं आधीच ठरलेलं होतं. तिथून ते आपल्या जहाजावर जातात. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं कारण देऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतात आणि ते एका तपकिरी पाकिटात ठेवतात. आहुजांच्या ऑफिसात चौकशी करतात. ते नाहीत म्हटल्यावर नेपिअन सी रोडच्या बाजूला त्यांच्या फ्लॅटवर जातात. आहुजा नुकतेच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभे असतात. तीन गोळ्या सुटतात.

टॉवेलवर त्या खटल्यात खूप काथ्याकूट झाला. झटापटीत गोळी सुटली असेल, तर टॉवेल अंगावर जागच्या जागी कसा राहिला, असा सरकार पक्षाचा सवाल होता. तरीही नऊपैकी आठ ज्युरींनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना हे पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. बचावाचा मुद्दा होता, अचानक आणि गंभीर चिथावणीचा. कोर्टाने घड्याळाकडे बोट दाखवलं: दीड वाजता माणूस घरातून निघतो, चार वाजून वीस मिनिटांनी खून होतो. मध्ये जवळजवळ तीन तास गेले, भानावर यायला तेवढे पुरेसे आहेत. मेट्रोत बायको-मुलं सिनेमा बघत बसलेली असतानाच हे तास उलटत होते, ही गोष्ट मला कुठल्याही पटकथेपेक्षा जास्त हलवते.

लोक मात्र कोर्टाबरोबर नव्हते. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली. पंचवीस नव्या पैशांचा अंक दोन दोन रुपयांना विकला गेला. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली आणि कुटुंब कॅनडाला गेलं. सिल्व्हिया यांची आहुजांना लिहिलेली पत्रं मात्र खटल्याच्या कागदपत्रांत कायमची राहिली. ती भर कोर्टात वाचली गेली. खटल्याविषयी बोलताना लोक अजूनही गणवेशातल्या देखण्या अधिकाऱ्याबद्दल बोलतात. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून नवऱ्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्या त्या बाईला काय वाटलं असेल, याची फारशी चर्चा मी ऐकलेली नाही.

सिनेमांनी या खटल्यावर झडपच घातली. 'गुमराह'च्याच वर्षी, १९६३ मध्ये 'ये रास्ते हैं प्यार के' आला. गमतीची गोष्ट अशी, की 'गुमराह'त प्रियकर असलेला सुनील दत्त इथे नवरा आहे. १९७३ मध्ये गुलजारांच्या 'अचानक'मधला सैनिक नवरा बायको आणि मित्र दोघांनाही मारतो. २०१६ च्या 'रुस्तम'मध्ये अक्षय कुमारच्या अधिकाऱ्याला नौदलातल्या भ्रष्टाचाराशी लढणारा देशभक्तही करून टाकलं. दर पिढीत नवऱ्याच्या पदरात आणखी एक सद्गुण पडत गेला.

पडद्यावर हे चालू असताना कायद्याची भूमिकाही याच धाटणीची होती. भारतीय दंडविधानाचं कलम ४९७, व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला शिक्षा नाही, साथीदार म्हणूनही नाही. ऐकायला हे बाईच्या सोयीचं वाटतं. पण कलमातली अट नीट वाचा. गुन्हा ठरायचा तो नवऱ्याची संमती नव्हती म्हणून, तक्रारही त्यालाच करता यायची. त्याने मूक संमती दिली असेल, तर गुन्हाच नाही. आणि नवराच बाहेर भानगड करत असेल, तर बायकोला या कलमाखाली फिर्याद करता येत नसे. त्या गुन्ह्यात बाईचं स्थान गेलेल्या ऐवजासारखं होतं.

हे कलम घटनेत बसतं का, हा प्रश्न १९५४ मध्ये मुंबई राज्यातल्याच एका खटल्यातून सुप्रीम कोर्टापुढे गेला होता. कलम टिकलं. १९८५ मध्ये पुन्हा आव्हान आलं, तेव्हा सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. मुंबई हायकोर्टात नानावटींविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे वकील हेच. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम ४९७ रद्द केलं, त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, तिची स्वायत्तता लग्नाच्या दारात संपत नाही, असा त्या निकालाचा गाभा. वडिलांचा निकाल मुलाने बदलला, हे तेव्हा वर्तमानपत्रांनी ठळक छापलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण म्हणून आजही शिल्लक आहे, आणि ते योग्यच आहे. फसवणूक झालेल्या माणसाला, नवरा असो की बायको, बाहेर पडायची वाट हवीच. पण विवाहित स्त्रीला फूस लावून नेण्याचा जुना गुन्हा नव्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८४ म्हणून कायम राहिला आहे, आणि विवाहित पुरुषाला कोणी फूस लावून नेलं, तर त्यासाठी तसं कलम नाही.

दोरी नवऱ्याच्या हातातून सुटली तर ही थरारकथा कशी दिसेल, ते लुईझ डौटी यांच्या २०१३ च्या 'ॲपल ट्री यार्ड' या कादंबरीत दिसतं. बीबीसीने २०१७ मध्ये तिच्यावर चार भागांची मालिका केली. इव्हॉन कार्मायकल ही पन्नाशी ओलांडलेली जनुकशास्त्रज्ञ. मुलं मोठी झालेली, संसार बरा. ब्रिटिश संसदेत एका समितीपुढे माहिती द्यायला ती जाते, तिथे एक अनोळखी पुरुष तिच्याशी बोलतो आणि त्याच इमारतीच्या तळघरातल्या प्रार्थनास्थळात ती त्याच्याबरोबर जाते. इथे मेलेली बहीण नाही, जुनं प्रेम नाही, सबब नाही. पुढे एक सहकारी तिच्यावर बलात्कार करतो. ती पोलिसांकडे जात नाही, कारण चौकशी सुरू झाली तर हे प्रकरण बाहेर येईल. तिच्या प्रियकराच्या हातून त्या सहकाऱ्याचा खून होतो आणि दोघांवर खटला उभा राहतो.

नवऱ्याला कळेल, एवढी एकच भीती आयरीनला होती. इव्हॉनची भीती वेगळी आहे. एकदा हे कळलं की तिच्यावर बलात्कार झाला यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. शास्त्रज्ञ म्हणून तिची तीस वर्षांची कमाई बाजूला राहील आणि प्रत्येक जण तिच्याकडे त्या एका दुपारच्या चष्म्यातून पाहील. मराठी वाचकाला हे कोर्ट अनोळखी वाटणार नाही. तेंडुलकरांच्या नाटकातल्या लीला बेणारेला आपण अशाच पिंजऱ्यात उभं केलेलं पाहिलं आहे. तिथे तर खटला खोटा होता आणि तिची बदनामी तेवढी खरी.

कादंबरी सुरू होते ती या साक्षीच्या पिंजऱ्यातच. इव्हॉन सगळं व्यवस्थित सांगते आहे, तिच्या बाजूने हवा फिरते आहे. समोर प्रियकराची वकील उभी आहे, एक तरुण बाई. प्रकरणाबद्दल इव्हॉनने आपल्या वकिलालाही खरं सांगितलेलं नाही. इतके महिने तिने प्रियकराला पत्रं लिहिली आहेत, पण ती कॉम्प्युटरमध्ये लपवलेल्या एका फाइलमध्ये, कोणालाही न पाठवता. ती पर्समधून चोरता आली नसती, कोर्टात मोठ्याने वाचता आली नसती. तिच्या मते सगळे पुरावे तिच्याच ताब्यात आहेत. वकील बाई कागदांवरून नजर उचलतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, लंडनमध्ये ॲपल ट्री यार्ड नावाची एक छोटी गल्ली आहे, ती तुम्हाला माहीत आहे का?